वाचकांचे प्रश्न : लक्झरच्या वाटेवर

प्रश्न : स. न. वि. वि. येत्या डिसेंबरात आम्ही घरची चार माणसे इजिप्तला जाणार आहोत. लक्झरसाठी आमच्या वाट्याला एकच दिवस येतो, आणि सहल कंपनीच्या पत्रकात त्या एका दिवसात राजांची दरी, हत्शेप्सुत राणीचे मंदिर, मेदिनेत हाबू, मेम्नॉनचे पुतळे, कर्नाक आणि लक्झर मंदिर अशी सहा ठिकाणे दिली आहेत. माझ्या आईचे वय 74 असून तिला गुडघेदुखी आहे. एवढे सगळे एका दिवसात होईल का? आणि सोबत मार्गदर्शक घ्यावाच लागतो का?
एक वाचक, फोंडा

उत्तर : सहाही ठिकाणी आपली गाडी थांबेल, परंतु सहा ठिकाणे पाहून होणार नाहीत. पहिल्या खेपेस मीही असाच भरगच्च दिवस पत्करला होता. अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या एका दुकानात आमचा दीड तास गेला आणि त्यापायी मेदिनेत हाबू वगळावे लागले. तिसऱ्या रामसेसच्या त्या मंदिरातील चित्रलिपीची अक्षरे बोटाची पेरे आत जावीत इतकी खोल कोरलेली आहेत, हे मला दुसऱ्या खेपेस कळले. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दुकानाचे थांबे नकोत, असे कंपनीकडून लेखी घ्यावे.

आपल्या जागी मी असतो, तर सकाळी राजांची दरी आणि हत्शेप्सुतचे मंदिर, दुपारी विश्रांती आणि उन्हे उतरल्यावर कर्नाक एवढाच बेत ठरवला असता. मेम्नॉनचे पुतळे वाटेवरच लागतात. तिसऱ्या अमेनहोतेपचे ते सुमारे 18 मीटर उंचीचे दोन बैठे पुतळे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. लक्झर मंदिर रात्री दिव्यांच्या उजेडातही पाहता येते, तेव्हा आईंना त्राण उरले असेल तरच तेथे जावे.

राजांच्या दरीत साठाहून अधिक थडगी आहेत, पण ती सगळी एकाच वेळी उघडी नसतात. नेहमीच्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामून, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट पडते. आईंसाठी चौथ्या रामसेसचे थडगे सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याची वाट रुंद, उतार सौम्य आणि छत उंच आहे. तिसऱ्या तुथमोसच्या थडग्याला मात्र आधी कड्यावर चढून मग खोल उतरावे लागते, ते त्यांना झेपणार नाही. वेगळे तिकीट एकच काढायचे असेल, तर मी सहाव्या रामसेसचे सुचवेन. तुतनखामूनचे थडगे हॉवर्ड कार्टर यांना 4 नोव्हेंबर 1922 रोजी सापडले आणि त्यातून पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. परंतु ते आहे चार लहान खोल्यांचे, रंगवलेली खोली त्यात एकच आहे आणि वस्तू कैरोच्या बाजूस गिझाच्या नव्या संग्रहालयात आहेत. सहाव्या रामसेसच्या दफनदालनात छतभर नूत ही आकाशदेवी दोनदा, पाठीला पाठ लावून रेखाटली आहे. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रीच्या बारा तासांत तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. मान वर करून त्या पिवळ्या देहाचा माग डोक्यापासून पायापर्यंत घ्यावा. त्याला पंधरा मिनिटे लागतात, आणि त्या पंधरा मिनिटांसाठी एखादे थडगे सोडावे लागले तरी खुशाल सोडावे.

मार्गदर्शक अवश्य घ्यावा. तेथील मार्गदर्शकांना सरकारी परवाना लागतो, तो पाहून घ्यावा. थडग्याच्या आत त्यांना समजावून सांगण्याची मुभा नसते. गर्दी तुंबू नये आणि माणसांच्या श्वासाची ओल आत साचू नये, यासाठी हा नियम आहे. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या जुन्या भिंतीला लोणा कसा लागतो, हे गोव्याच्या माणसाला सांगायला नको. त्या चुनखडीच्या डोंगरातही क्षार आहेत. ओल मिळाली की ते फुलतात आणि रंगासकट गिलावा सोडवतात. नेफरतारी राणीचे थडगे 1904 मध्ये सापडले, पण त्यातील चित्रे याच कारणाने धोक्यात आली आणि ती सावरण्याचे काम 1986 पासून 1992 पर्यंत चालले. म्हणून मार्गदर्शकाला बाहेरच सावलीत बसवून सगळे विचारून घ्यावे, आज कोणती थडगी उघडी आहेत आणि कोणत्या भिंतीसमोर थांबायचे तेही, आणि मग आत शांतपणे पाहावे. भिंतीला हात लावू नये, फ्लॅश वापरू नये, आणि मुले बरोबर असतील तर त्यांना हे आधीच बजावून ठेवावे.

हत्शेप्सुतच्या मंदिरात एकावर एक असे तीन चौथरे आहेत. आईंनी पहिली चढण तेवढी चढावी आणि डाव्या हाताच्या ओवरीत जावे. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात या राणीने तांबड्या समुद्रातून पुंत देशाला गलबते पाठवली, त्या सफरीची हकिगत तेथे कोरलेली आहे. परतताना त्यांनी ऊदाची झाडे मुळांसकट टोपल्यांत घालून, काठीला अडकवून खांद्यावरून आणली. आपण फोंड्याचे आहात. कुळागरात लावायचे रोप मुळाशी मातीचा गोळा राखून कसे न्यावे लागते, हे आपण पाहिलेले असणार. तीच काळजी त्या हमालांच्या हातांत दिसते. गलबतांच्या खाली पाण्याच्या नागमोडी रेघा आहेत आणि त्यांत मासळी कोरली आहे. भिंत काही ठिकाणी झिजली असली, तरी शेवंड, माणकी, पाकट आणि कासव ही मंडळी सांगितल्यावर ओळखू येतात. मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या भिंतीवरून माशांच्या जाती ठरवल्या आहेत, इतके हे काम चोख आहे. कोरणाऱ्याने मासळी नीट निरखली होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आईंना ही भिंत अगदी निवांत पाहू द्यावी.

सकाळी सहाला दरीच्या फाटकाशी असावे, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही टळतील. आपण डिसेंबर निवडला, हे योग्यच केले. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जाणाऱ्यांना तेथे 40 अंशांपुढचा उन्हाळा भोगावा लागतो. आपल्यासारखा घाम तेथे अंगावर राहत नाही, तो लगेच सुकतो, त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

प्रश्न : आमच्या सासूबाईंना प्राचीन वास्तू पाहण्याची मनापासून आवड आहे, परंतु थडग्यात पाऊल टाकायचे म्हणजे विटाळ होईल, असे त्यांना वाटते. त्यांना काय सांगावे?
एक वाचक, मडगाव

उत्तर : सासूबाईंच्या भावनेचा मान राखूनच सांगतो. ज्या थडग्यांत पर्यटक जातात, त्यांतील बहुतेक रिकामी आहेत. चोरांच्या भयाने तेथील पुरोहितांनी प्राचीन काळीच राजांचे देह हलवून देर अल-बहरीच्या कड्यात लपवले. ती जागा 1881 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना कळली, आणि त्या व इतर राजदेहांपैकी 22 देह 2021 च्या एप्रिलमध्ये कैरोतील नव्या संग्रहालयात मिरवणुकीने नेण्यात आले. तुतनखामूनचा देह मात्र त्याच्या थडग्यातच काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. सासूबाईंचे मन घेत नसेल, तर तेवढे थडगे त्यांनी टाळावे. परतल्यावर त्यांना डोक्यावरून स्नान करायचे असेल, तर त्यांना कोणी अडवू नये. मृताला अन्नपाणी पोचावे, त्याचे नाव कोणीतरी घ्यावे, ही त्या भिंतींवरील मुख्य मागणी आहे, आणि महालयात पानावर पितरांसाठी घास ठेवणाऱ्या माणसाला ती परकी वाटत नाही. हे सासूबाईंना सांगून पाहावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात इतिहास शिकतो. इजिप्तची मंदिरे नाईलच्या पूर्वेला आणि थडगी पश्चिमेला, असे का? आणि त्या मंदिरांचे आपल्या देवळांशी काही साम्य आहे का?
एक विद्यार्थी, कुंभारजुवे

उत्तर : लक्झरपुरते बोलायचे, तर सूर्य पश्चिमेला मावळतो म्हणून मृतांचा मुलूख पश्चिमेला, ही कल्पना त्यामागे आहे. शिवाय राजांच्या दरीवर अल-कुर्न हे शिखर नैसर्गिक पिरॅमिडसारखे उभे आहे. मात्र ही विभागणी काटेकोर नाही. दिवंगत राजांच्या पूजेची मंदिरे पश्चिमेलाच आहेत, आणि थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे देर अल-मदिना हे गावही तेथेच होते. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी धान्याचा शिधा थकला, तेव्हा या कारागिरांनी काम टाकून धरणे धरले. लेखी नोंद असलेला हा जगातील पहिला संप मानतात.

साम्य आहे, पण ते रचनेतले आहे. त्यावरून दोन्ही परंपरांचे नाते जोडू नये. कर्नाकच्या स्तंभमंडपात 134 खांब आहेत आणि मधल्या रांगांतील 12 खांब सुमारे 21 मीटर उंच आहेत, त्यामुळे तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या आटोपशीर मंडपाशी आकाराची तुलनाच होत नाही. तरीही आत जाताना उजेड कमी होत जातो, जमीन किंचित चढते, छत खाली येते आणि शेवटी देवाची अंधारी खोली लागते. सभामंडपातून गर्भकुडीकडे जाणाऱ्या माणसाला हा क्रम पायांनीच ओळखीचा वाटतो. फरक असा, की तेथे सामान्य माणसाला आत प्रवेश नव्हता. त्याला देव भेटायचा तो उत्सवात, देव बाहेर निघाल्यावर.

ओपेत नावाचा तो उत्सव नाईलच्या पुराच्या दिवसांत होत असे. अमुन, त्याची पत्नी मूत आणि पुत्र खोन्सू यांच्या मूर्ती होडीच्या आकाराच्या पालख्यांत बसवून पुरोहित खांद्यावरून नेत आणि कर्नाकहून लक्झर मंदिरापर्यंत त्यांची यात्रा निघे, कधी रस्त्याने, कधी नदीतून. आपल्या गावच्या सांगोडात दोन होड्या जोडून त्यावर गणपती नेतात, हे आपण लहानपणापासून पाहत आला असाल. लक्झर मंदिराच्या आवारातच अबू अल-हज्जाज या सूफी संताची मशीद आहे आणि त्यांच्या उत्सवात आजही गावातून होड्या मिरवल्या जातात. ओपेतची मिरवणूक त्याच मंदिरातील उंच स्तंभांच्या दालनात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तुतनखामूनच्या काळात कोरली गेली. तेथे नौका ओढणारे, ढोल वाजवणारे, कोलांट्या मारणाऱ्या नर्तकी आणि नैवेद्यासाठी नेलेले पुष्ट बैल दिसतात. आपण कधी तेथे गेलात, तर नौका ओढणाऱ्यांची रांग आधी शोधावी.