शेक फुफ्फुसाला, पण लक्ष हृदयाकडेही हवं

फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी रेडिएशन (ज्याला बोलीत ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात) घेणाऱ्यांच्या घरून हृदयाबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यातल्या काहींची उत्तरं देतो.

प्रश्न : गाठ उजव्या फुफ्फुसात आहे. मग हृदयाला धोका नाही ना?

असू शकतो. हृदय छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे असतं. छातीच्या मधल्या लसीकाग्रंथींनाही शेक द्यायचा असेल, तर हृदयाला डोस लागतोच. तो किती, हे तुमच्या डॉक्टरांना शेकाच्या आराखड्यात, म्हणजे प्लॅनमध्ये दिसतं, त्यांना विचारा.

प्रश्न : आईला पेसमेकर आहे. लाईट घेता येईल का?

बहुतेक वेळा येते, पण प्लॅनिंगच्या स्कॅनआधी पेसमेकरचं कार्ड दाखवा.

प्रश्न : नव्या मशीनवर ‘हृदयाला शून्य धोका’ असतो आणि डोसही जास्त देता येतो, असं सांगून एके ठिकाणी जादा पैसे मागितले. द्यावेत का?

‘शून्य धोका’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आयएमआरटी (किरणांची तीव्रता गाठीच्या आकारानुसार कमीजास्त करणारी पद्धत) किंवा प्रोटॉनने (क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा शेक) काही रुग्णांत हृदयाचा डोस घटतो, सगळ्यांत नाही. आणि जास्त डोस म्हणजे जास्त गुण, हा समज तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ०६१७ या फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या चाचणीनेच खोडला. आजाराच्या तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांत ६० ग्रे (शेकाचा डोस मोजायचं एकक) घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान २८.७ महिने होतं, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, ७४ ग्रे घेणाऱ्यांचं २०.३. हृदयाला जास्त डोस लागलेल्यांचं जगणंही कमी आढळलं. पैसे भरण्याआधी दोन्ही प्लॅनमधला हृदयाचा डोस शेजारी ठेवून दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

प्रश्न : शेक संपून तीन महिने झाले. बाबांना जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. शेजारी म्हणतात, ‘शेक बाधलाय, नारळपाणी द्या, उतरेल.’ थांबावं का?

अजिबात थांबू नका, आजच दवाखान्यात न्या. ‘शेक बाधला’ या दोन शब्दांपायी लोक आठवडेच्या आठवडे घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो, रात्री एका उशीवर झोप लागत नाही, हा नुसता अशक्तपणा नव्हे. हृदयाभोवती पाणी साचलं असेल, ठोके अनियमित झाले असतील, हृदयाचं पंपिंग कमी पडत असेल, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल किंवा शेकामुळे फुफ्फुसालाच सूज आली असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा: कुठे पाणी काढावं लागतं, कुठे रक्त पातळ करणारं औषध, कुठे स्टेरॉइड. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि छातीचा स्कॅन पाहिल्याशिवाय हे घरबसल्या कुणालाच कळणार नाही. हृदयाचा त्रास दहा-पंधरा वर्षांनी होतो, हेही धरून बसू नका. फुफ्फुसाच्या रुग्णांत तो पहिल्या दोन वर्षांतही दिसतो, विशेषतः ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांच्यात. शेकानंतर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध) चालू असेल तर तेही सांगा. तिने क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. छातीत दुखून घाम फुटला किंवा चक्कर येऊन पडले, तर ओपीडीची तारीख पाहू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.

प्रश्न : शेक चालू असेपर्यंत अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद ठेवू का?

मनाने नाही. थुंकीतून रक्त येत असेल तर लगेच कळवा. गोळीचं काय करायचं ते हृदयाचे आणि रेडिएशनचे डॉक्टर मिळून ठरवतील.