इंग्रजी शिकवा, पण मुलांची भाषा बंद करू नका

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेची भाषा एकच असावी का, या विषयावर तू विद्यापीठात इंग्रजीच्या सक्तीविरुद्ध बोलणार आहेस हे कळल्यापासून मी खुशीत आहे. तुझं टिपण दोनदा वाचलं. दोन भाषा येणाऱ्यांचा मेंदू तल्लख होतो, त्यांना नोकऱ्या बऱ्या मिळतात, हा पहिल्या दोन पानांचा भाग काढून टाक. समोरचा विचारतोय की बोलायची भाषा एक नसेल तर देश एक कसा राहणार. त्याला नोकरीचे फायदे सांगून काय उपयोग? त्याची काळजी खोटी नाही. न्यायालयात, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत सगळ्यांना समजेल अशी एक भाषा हवीच. हे तू सुरुवातीलाच मोकळेपणाने मान्य कर.

मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा झाली, तिथून तू सुरुवात केली आहेस. त्यापेक्षा शंभर वर्षं मागे जा. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढाई झाली आणि इथल्या जर्मन शेतकऱ्यांच्या घरातली बोली संशयास्पद ठरली. नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदा केला: आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी कुठलीही भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन गावातल्या चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे मास्तर होते. मे 1920 मध्ये जेवणाच्या सुट्टीत ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते. तेवढ्यात सरकारी वकील शाळेत आला. त्या क्षणी इंग्रजीवर आलो असतो तर तो काही बोलला नसता, हे आपल्याला ठाऊक होतं, असं मेयर यांनी पुढे सांगितलं. ते जर्मनमध्येच शिकवत राहिले. दंड झाला 25 डॉलर.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1923 मध्ये मास्तर जिंकले. निकालात काय म्हटलंय ते मात्र नीट बघ. शाळांना इंग्रजीतून शिकवायला लावण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने नाकारलेला नाही. हरकत आहे ती दुसरी भाषा शिकवायला बंदी करण्याला. तुझं सगळं म्हणणं या फरकावर उभं राहू दे. त्याच दिवशी निकाल लागलेल्या दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी मत नोंदवलं. लहान वयात मुलांच्या कानावर शाळेत इंग्रजीच पडावी असं एखाद्या राज्याला वाटलं, तर तो प्रयोग अवाजवी म्हणता येत नाही, असं त्यांचं मत. होम्स म्हणजे कुणी भडक माणूस नव्हे. ते मत तू दोनदा वाच, कारण तुझा सर्वांत चांगला प्रतिस्पर्धी तिथूनच बोलेल.

याची दुसरी बाजूही आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारे 1800 चिनी मुलं इंग्रजी न कळता वर्गात नुसती बसून होती. 1974 मध्ये न्यायालयाने सांगितलं, तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. म्हणजे त्या पालकांनाही मुलांना इंग्रजी यायलाच हवी होती, आणि तुझ्याच बाजूचे लोक हे सांगायला विसरतात! कॅलिफोर्नियाने 1998 मध्ये मतदान घेऊन द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद केलं आणि 2016 मध्ये पुन्हा मतदान घेऊनच ते मोकळं केलं. एवढं ओझरतं सांगितलंस तरी पुरे.

इंग्रजी धोक्यात आहे, हे मात्र मला पटत नाही. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात ये एकदा. “दप्तर इकडे आण गं” म्हटलं की पोरगी बरोबर आणते आणि उत्तर देते इंग्रजीत. तिची आई तिच्याशी मराठीत बोलते, ती धाकट्या भावाशी इंग्रजीत. तिसऱ्या पिढीपर्यंत बहुतेक स्थलांतरितांच्या घरात इंग्रजीच उरते. स्पॅनिश घरांतही मोठ्या प्रमाणावर तेच होतं.

आता अवघड भाग. तू नाशिकची आहेस. महाराष्ट्रात मराठी सक्तीची हवी म्हणणारी मुलगी अमेरिकेत इंग्रजीच्या सक्तीविरुद्ध कशी बोलते, असं कुणीतरी विचारणारच. नाही विचारलं तर मी विचारते. उत्तरासाठी मोजमाप तेच ठेव. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं. ते मला योग्य वाटतं, त्यात कुणाची घरची भाषा हिरावली जात नाही. पण दुकानातल्या पोऱ्याला मराठी येत नाही म्हणून कुणी थोबाडीत मारली, तर त्याचं समर्थन तू करायचं नाहीस, तिथे नाही आणि इथेही नाही. बेळगावातली आपली माणसं याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहेत, तेही लक्षात असू दे. हा भाग तू आपणहून, कुणी विचारण्याआधी मांड. टाळलास तर बाकीचं भाषण ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहील.

आणि बोलताना रागावू नकोस. एखादा म्हणेल, “आमच्या आजोबांनी जर्मन सोडली, मग तुम्हाला काय झालं?” तेव्हा त्याला त्या आजोबांबद्दल विचार. कुठल्या गावचे, कुठल्या साली सोडली, का सोडली. बऱ्याचदा उत्तर 1918 च्या आसपास येऊन थांबतं.

सुधारलेलं टिपण शुक्रवारपर्यंत पाठव. मेयर खटल्याचा निकाल छोटा आहे, मूळातूनच वाच, कुणी केलेल्या सारांशावर विसंबू नकोस.

तुझी,
मावशी