चीक कुरडईचाच, पण वहीसाठी

प्रश्न : ताई, आईच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ आणि थोडं अंग वापरून मी घरी वही बांधली. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल लावून कापड ताणून बसवलं. वाळल्यावर कापडावर काळपट डाग दिसू लागले आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला. लुगडं अजून बरंच शिल्लक आहे. पुढच्या वहीला काय करू? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : शिल्लक आहे हे बरं झालं. नुसतं कापड थेट पुठ्ठ्यावर लावायचं नसतं. लुगड्याचं सूत विरळ असतं, ओला गोंद त्यातून वर येतो आणि पांढरा गोंद एकदा वाळला की धुऊनही निघत नाही. त्यासाठी कापडाला आधी मागून पातळ कागदाचं अस्तर चिकटवायचं. मग गोंद कागदापाशीच थांबतो, कापड कापताना दशा निघत नाहीत आणि कोपरे नीट दुमडतात. विकत मिळणाऱ्या बांधणीच्या कापडातही हेच केलेलं असतं. एक तर मागे कागद असतो, नाहीतर कापडाची भोकं खळीने किंवा लेपाने बुजवलेली असतात.

लुगडं आधी गरम पाण्यात धुवा आणि कांजी असेल तर पूर्ण काढा. मग खिडकीसमोर धरून बघा. बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी सूत झिजलेलं असतं, तो भाग पायपुसण्याला ठेवा. वहीसाठी दाट दिसेल तोच तुकडा घ्या.

अस्तराला कागद पातळ हवा, पण ओला झाल्यावर फाटणारा नको. हातकागदाच्या दुकानात नेपाळी लोकता मिळतो, त्यातला सगळ्यात पातळ मागा. पुण्यात असाल तर १९४० पासून चालू असलेल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चक्कर मारा. तिथे कागद हातात घेऊन निवडता येतो, आणि हे काम फोटो बघून होत नाही. वर्तमानपत्राचा कागद अजिबात नको, तो पिवळा पडतो आणि पुढे कापडालाही डागाळतो. बटर पेपर खळ पीतच नाही, तोही नको.

आता खळ. तुमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया होत असतील तर निम्मं काम झालेलंच आहे. गहू भिजवून, वाटून, गाळून तळाशी जो चीक बसतो तो म्हणजे गव्हाचा जवळजवळ शुद्ध स्टार्च. जुन्या पोथ्या-कागदांची दुरुस्ती करणारे लोकही गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात, कारण ती पुढे कधीही पाण्याने सोडवता येते. फक्त आपल्या चिकाला तीन दिवस भिजवल्याचा आंबूसपणा असतो. म्हणून वरचं पाणी ओतून, नवीन पाणी घालून, ढवळून पुन्हा बसू द्या. वास जाईपर्यंत हे करत राहा. कुरडईला वाटीभर चिकाला साधारण वाटीभर पाणी लागतं, इथे चार वाट्या. मीठ-हिंग घालू नका (हात सवयीने डब्याकडे जातोच). मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात तर वही कायम दमट राहील. चीक आधी त्यातल्या थोड्या गार पाण्यात कालवून, उरलेलं पाणी घालून मग मंद आचेवर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी अर्धपारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढा आणि ब्रशने सहज पसरेल इतपत पाणी घालून सैल करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की फेकायची.

चिकटवायला ओट्याचा ग्रॅनाइट किंवा टेबलावरची जाड काच उत्तम. कापड उलटं पसरा, पाण्याचा हलका फवारा मारा आणि हाताने सरळ करा. इथे घाई करू नका. उभे-आडवे धागे आत्ता तिरके राहिले तर ते वहीवर कायम तिरकेच दिसणार, आणि लुगड्याची चौकडी असेल तर पाहणाऱ्याला ते लगेच कळतं. कागद कापडापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोठा कापा. त्याला दुसऱ्या जागी खळ लावून पाच मिनिटं तसाच राहू द्या, कारण ओला कागद वाढतो; त्याचं वाढणं आधी पुरं झालं नाही तर पुढे सुरकुत्या येतात. मग पट्टीच्या आधाराने उचलून खळीची बाजू खाली करून कापडावर ठेवा आणि कोरड्या रुंद ब्रशने मधून कडेकडे दाबत न्या. कागदाच्या जादा कडा ओट्याला चिकटतील. त्या चिकटायलाच हव्यात, त्यांच्यामुळेच कापड ताणलेलं वाळतं. एका कडेखाली कागदाची कोरडी चिटोरी ठेवा, म्हणजे नंतर तिथून पट्टी घालून सोडवता येईल. रात्रभर हात लावू नका. वर पंखा सोडू नका, कडा आधी वाळून सुटतात. आणि सावंतवाडीत जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग करू नका. खळीला बुरशी येते आणि सगळी मेहनत वाया जाते. दिवाळीनंतर करा.

राहिला वाकलेला पुठ्ठा. कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. त्याला आतून उलटा ओढणारा कागद हवा, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावतो तो अस्तरकागद (कापडामागचं अस्तर वेगळं). तो लावेपर्यंत पुठ्ठा थोडा वाकलेलाच दिसतो, घाबरायचं नाही. पण पुठ्ठा, कागद आणि कापड या तिघांची दिशा एक असली पाहिजे. कापडाचा उभा धागा, कागदाचे तंतू आणि पुठ्ठ्याचे तंतू, सगळे वहीच्या पाठीला समांतर. कागदाची दिशा कळत नसेल तर हलकेच दुमडून बघा. जी घडी विरोध न करता वळते, त्या घडीच्या रेघेची दिशा तीच तंतूंची दिशा. शेवटी वही दोन फळ्यांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवा. हे दोन दिवस वाचवण्याच्या नादात बहुतेक वह्या वाकतात.

प्रश्न : आमच्या गल्लीतले जुने बायंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे. घरी कसर (कागद खाणारी कीड) खूप आहे. मीही घालू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नको. मोरचुदाने किडे दूर राहत असतील, पण ते विषारी आहे आणि घरात, मुलांच्या हाताशी, स्वयंपाकाच्या भांड्यात शिजवायची ती वस्तू नाही. शिवाय मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांब्याचे क्षार कागदाचे तंतू लवकर कमकुवत करतात. म्हणजे कसरीपासून वाचवलेली वही आपणच हळूहळू खाऊन टाकायची. मैदा चालतो, पण त्यातल्या चिकट प्रथिनामुळे खळ लवकर खराब होते आणि कसरीला ती जास्त आवडते. चिकाची खळ पातळ लावा, पूर्ण वाळू द्या आणि कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तुमचं काम आमच्यापेक्षा निम्म्या वेळात होईल, त्याचा फायदा घ्या.

प्रश्न : मावशी, मी कॉलेजला आहे आणि खणाच्या कापडाच्या छोट्या वह्या करून मैत्रिणींना विकते. खळ शिजवायला हॉस्टेलवर सोय नाही. इस्त्रीने कापडाला कागद चिकटवता येतो म्हणतात, ते खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येतो. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात जा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी, इस्त्रीने वितळणारी जाळी माग. कॉलरमध्ये घालतात ते एका बाजूचं फ्युजिंग घेऊ नकोस, त्याने कापड नुसतं कडक होईल, कागद चिकटणार नाही. खाली कापड उलटं, त्यावर जाळी, त्यावर पातळ कागद ठेव आणि वाफ बंद करून इस्त्री दाबून उचल. घासत नेलीस तर सगळं सरकतं. गार होईपर्यंत हलवू नकोस.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड्याचा सुती-रेशमी खण इस्त्रीला टिकतो. पण बाजारात आता खणाच्या नावाखाली पॉलिस्टरही भरपूर येतं, त्याला इस्त्री बेताची ठेव. चमकत्या काठाची जर बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पट्टीचीच असते, ती गरम इस्त्रीने आक्रसते. आधी कोपऱ्याचा तुकडा जाळून बघ. सुती धागा जळल्यावर कागदासारखी राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. खिडकीपाशी, चिमट्यात धरून आणि वॉर्डनबाईंना सांगून.

पुठ्ठ्यावर लावताना कापड सगळीकडून दीड सेंटीमीटर जास्त ठेव. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामधल्या खाचेला सहा-सात मिलिमीटर सोड, नाहीतर वही उघडताना कापड ताणून फाटेल. कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून त्याच्या जाडीच्या दीडपट अंतर राख. त्याहून जवळ कापलंस तर टोकाला पुठ्ठा उघडा पडतो, आणि खणाच्या वहीचे पैसे देणारी मैत्रीण आधी कोपराच बघते.