झेनोगिअर्सची दुसरी सीडी अर्धवट वाटते. तरी पुढे खेळावा का?

तुम्ही विचारलंय की 'झेनोगिअर्स' या प्लेस्टेशनवरच्या जपानी गेमची एवढी कीर्ती ऐकून तो खेळायला घेतला, पहिली सीडी पूर्ण केली, दुसरी लावली तर नायक अंधारात खुर्चीवर बसून नुसता बोलतोय. कंपनीचे पैसे संपले म्हणून गेम असा उरकला का, आणि पुढे खेळण्यात काही अर्थ आहे का?

अर्थ आहे. खेळा. पण तुमची निराशा खरी आहे, ती मीही भोगली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिली सीडी तुमची झाली आहे, तेव्हा तिच्यातल्या गोष्टी मोकळेपणाने सांगतो. पुढचं फोडणार नाही.

मी हा गेम २००१ साली नाशिकला खेळलो. काकांनी अमेरिकेहून येताना त्यांच्या मुलाचा वापरलेला प्लेस्टेशन आणला होता, आणि त्यासोबत ११० व्होल्टचा एक जड ट्रान्सफॉर्मर. तो तापला की अर्धा तास थांबायचं, हा घरातला नियम. सोबत दोन सीड्यांचा हा गेम होता. युरोपात तो कधी अधिकृतपणे निघालाच नाही, त्यामुळे अमेरिकन कन्सोल आणि अमेरिकन प्रत हाती आली हे माझं नशीब. बारावीची सुट्टी त्यात गेली. दुसरी सीडी लावली त्या रात्री मला वाटलं की सीडीवर चरा आहे आणि मधला भाग वाचलाच जात नाहीये. दोनदा पुसून पुन्हा लावली. पुन्हा तीच खुर्ची, तोच हलणारा लंबक.

आता हे असं का झालं ते. यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हा गेम काढणाऱ्या जपानच्या स्क्वेअर कंपनीत त्यांच्या गाजलेल्या मालिकेतला 'फायनल फँटसी ७' कसा असावा यावर विचार चालू असताना तेत्सुया ताकाहाशी आणि त्यांची पत्नी काओरी तानाका यांनी एक कथा मांडली. काओरी तानाका सोराया सागा या नावाने लिहितात. दोघंही 'फायनल फँटसी ६'वर काम केलेले: ताकाहाशी चित्रांच्या बाजूला, तर त्यातल्या एडगर आणि सेबिन या राजपुत्र भावांची पार्श्वकथा सागांची. त्यांनी मांडलेली कथा फँटसीसाठी फार काळोखी आणि गुंतागुंतीची ठरली. पण ती टोपलीत न टाकता कंपनीने तिच्यावर वेगळा गेम करायची मुभा दिली. ताकाहाशी दिग्दर्शक झाले, हिरोमिची तानाका निर्माते. मध्यंतरी तो स्क्वेअरच्याच 'क्रोनो ट्रिगर' या गेमचा पुढचा भाग करावा असाही विचार होता. शेवटी त्याला स्वतःचं नाव मिळालं आणि ११ फेब्रुवारी १९९८ रोजी तो जपानमध्ये विक्रीला आला. 'फायनल फँटसी ७'शी असलेल्या नात्याची एक खूण उरली आहे: त्यात मिडील गावात नायक क्लाउड शुद्ध हरपून चाकाच्या खुर्चीत बसलेला असतो आणि असंबद्ध पुटपुटतो, त्या पुटपुटण्यात 'झेनोगिअर्स' हा शब्द तुटकपणे येतो.

करायची पद्धतही उलटी निवडली. 'फायनल फँटसी ७'मध्ये पार्श्वभूमी म्हणजे आधी रंगवून ठेवलेलं स्थिर चित्र, आणि त्यावर चालणारी माणसं त्रिमितीतली. इथे गावं, बोगदे, किल्ले त्रिमितीत आणि माणसं सपाट चित्रांची. म्हणून तुम्ही लाहान गावात उभे राहून कॅमेरा गोल फिरवू शकता. नायक फेई त्याच्या वेल्टॉल या गिअरच्या, म्हणजे आत बसून चालवायच्या राक्षसी यंत्रमानवाच्या, पायाशी उभा असतो तेव्हा अंगठ्याएवढा दिसतो. मला वाटतं ताकाहाशींना नेमकं हेच हवं होतं: माणूस लहान, यंत्र अवाढव्य. लढाईतही तोच फरक आहे. पायी लढताना त्रिकोण, चौकोन, फुली या बटणांवर हलके-जड फटके जुळवून डाव बसवायचे. गिअरमध्ये बसलं की प्रत्येक फटक्याला इंधन जातं. इंधन संपत आलेला गिअर घेऊन मोठ्या शत्रूसमोर उभं राहण्याची धास्ती मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेली नाही.

हे सगळं नवं होतं, आणि करणारेही नवे होते. घोडं अडलं ते इथे. पुष्कळ वर्षं चाहत्यांमध्ये एक गोष्ट पक्की होऊन बसली होती की कंपनीने याचे पैसे काढून दुसऱ्या मोठ्या गेमकडे वळवले. तुम्ही ऐकलेलं 'पैसे संपले' त्यातूनच आलं असणार. २०१७च्या एका मुलाखतीत ताकाहाशींनी स्वतः ते नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की संघात तरुण, अननुभवी मंडळी बरीच होती, त्रिमितीचं तंत्र सगळेच काम करता करता शिकत होते, आणि मुदत साधारण दोन वर्षांची होती. त्या मुदतीत सगळं होणार नाही हे ध्यानात आल्यावर पहिल्या सीडीशीच गेम संपवावा अशी सूचना पुढे आली. ताकाहाशींना ते पटेना. तिथे थांबलं तर खेळणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही, असं त्यांचं मत. त्यांनीच मग तोडगा सुचवला: उरलेल्या वेळात, आहे त्या माणसांत, दुसरी सीडी अशा रीतीने केली तर कथा शेवटापर्यंत नेता येईल.

म्हणजे ती खुर्ची कुणी आळसाने ठेवलेली नाही. दोनच वाटा होत्या. एक, सोलॅरिस या आकाशातल्या राज्यातून सुटका होते तिथेच पडदा पाडायचा. दुसरी, जे खेळवता येत नाही ते सांगायचं. मला दुसरीच वाट बरोबर वाटते, आणि हे मी आता चाळिशी ओलांडल्यावर जास्त खात्रीने म्हणतो. आपण कीर्तन ऐकत वाढलेली माणसं आहोत. उत्तररंगात बुवा एकटेच उभे असतात, मागे ना देखावा ना पात्रं, तरी लंकादहन दिसतं. खुर्चीवरच्या फेईचं आणि नायिका एलीचं बोलणं मी पुढे तसं ऐकायला लागलो आणि माझी चिडचिड थांबली. मधूनमधून लढाया येतात, काही जागा फिरायलाही मिळतात, आणि शेवटाकडे जगाचा नकाशा पुन्हा मोकळा होतो. तोवर धीर धरा.

नुकसान मात्र झालं आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. अनिमा अवशेष, म्हणजे गिअरना नवं बळ देणाऱ्या प्राचीन वस्तू, मिळवण्याचा भाग घ्या. पहिल्या सीडीची चाल पाहता त्यातल्या एकेका अवशेषासाठी एकेक मोठं भुयार, एकेक संध्याकाळ असायला हवी होती. त्यातलं बरंचसं काही ओळींत आटोपतं. फेईच्या साथीदारांपैकी रिकोचं मला सर्वात वाईट वाटतं. किस्लेव राज्यात त्याच्या जन्माचं आणि तिथल्या राज्यकर्त्याचं जे नातं दाखवून ठेवलंय, ते पुढे कुणी उचलतच नाही. बाप आणि मुलगा समोरासमोर बसून एकदा बोलले असते तरी पुरलं असतं. मारिया, एमेराल्डा यांचंही तसंच, आपापली आठवण ठेवून त्या मागे सरतात. बार्ट आणि बिली यांना पहिल्या सीडीत भरपूर मिळालं म्हणून ते तरले.

मग लोक याला थोर का म्हणतात? माझ्यापुरतं उत्तर असं की हा गेम मोठे प्रश्न नुसते भिंतीवर लिहून ठेवत नाही, ते तुमच्या हातून घडवतो. सोलॅरिसमधला डबाबंद अन्नाचा प्रसंग आठवा. फेई आणि एली भुकेले असतात, खातात, आपणही त्यांच्यासोबत जरा विसावतो. त्यांचा सोबती सितान खात नाही. मग ते डबे कशाचे ते कळतं. त्या क्षणी 'वरचे लोक खालच्या लोकांना कोकरं म्हणतात' हे वाक्य माहिती राहत नाही, पोटात ढवळतं. बिलीचंही तेच. तो पाळकाच्या झग्यात मनापासून लोकांचं भलं करत असतो, अनाथ मुलं सांभाळत असतो, आणि त्याचा पंथ ही जमिनीवरच्या माणसांना काबूत ठेवायची यंत्रणा आहे हे त्याच्यासोबतच आपल्याला समजतं. लेखकांनी बिलीच्या श्रद्धेची टवाळी केलेली नाही. श्रद्धा खरी आणि संस्था खोटी, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या अंगावर घातल्या आहेत. अठरा वर्षांच्या मला हे कुठल्याही पुस्तकाआधी या गेमने दाखवलं.

याच विषयांमुळे तो जपानबाहेर आणायला स्क्वेअर कचरत होती. सुरुवातीलाच बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं वचन, पुढे देव, चर्च, मानवाची निर्मिती यांवर थेट बोलणं, त्यात फ्रॉइड आणि युंग यांच्या मानसशास्त्रातल्या संज्ञा. इंग्रजी अनुवादाची धुरा रिचर्ड हनीवूड यांनी वाहिली. अनुवादात कुठे कुठे अवघडलेपण आहे, वाक्यं खिळे ठोकल्यासारखी येतात, आणि पडद्यावर अक्षरं उमटण्याची गती तर सहनशीलतेची परीक्षा घेते. पण तेवढ्या गुंतागुंतीचा मजकूर अखेर २० ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेत पोहोचला हेच मोठं. आपल्या वाचकाला एक सोय मात्र आहे: दहा हजार वर्षांच्या पटावर तेच जीव पुन्हा पुन्हा जन्म घेतात, जुनं नातं नव्या देहाला ओढतं, हे पाश्चात्त्य खेळाडूला समजावून घ्यावं लागलं असेल. मला आजीकडून ते आधीच ठाऊक होतं. अडखळलो ते बायबलच्या संदर्भांवर.

संगीताबद्दल थोडक्यात, नाहीतर मी थांबणार नाही. यासुनोरी मित्सुदांनी ते दिलं, आयरिश लोकसंगीताची छटा त्यात जागोजाग आहे, आणि शेवटचं गाणं उत्तर आयर्लंडच्या जोआन हॉग यांनी गायलं आहे. तक्रार एकच: खेळाच्या लांबीच्या मानाने चाली कमी पडतात, त्याच त्या ऐकू येतात.

स्वागत कसं झालं हेही सांगतो, कारण 'अयशस्वी पण थोर' असा एक समज आहे. मार्च २००३पर्यंत जगभर ११ लाख ९० हजार प्रती गेल्या, त्यातल्या ९ लाख १० हजार एकट्या जपानमध्ये. हे अपयश नव्हे. समीक्षकांनी कथेचं आणि संगीताचं कौतुक केलं, दुसऱ्या सीडीला नावं ठेवली. आज पंचवीसहून अधिक वर्षांनीही दोन्ही मतं तशीच शेजारी शेजारी नांदतात. २०१८ साली, विसाव्या वर्षी, जपानमध्ये त्याच्या संगीताची मोठी मैफल झाली.

शेवटची नामावली संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका. तिथे 'एपिसोड पाच' असं लिहून येतं. मी ते पाहून रात्री अडीच वाजता चुलतभावाला उठवलं होतं, बाकीचे चार कुठे आहेत म्हणून. ते कधी खेळ म्हणून आलेच नाहीत. १९९८मध्येच जपानमध्ये 'परफेक्ट वर्क्स' हा जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात सहा भागांचा आराखडा आणि सगळा कालपट मांडलेला आहे; इंग्रजीत चाहत्यांनी तो आपल्या हौसेने उतरवला. ताकाहाशी १९९९मध्ये स्क्वेअर सोडून बाहेर पडले आणि नाम्कोच्या पाठबळावर मोनोलिथ सॉफ्ट उभी राहिली. तिथे 'झेनोसागा' सुरू केला, तोही सहा भागांचा योजला होता आणि २००६मध्ये तिसऱ्यावर थांबला. पुढच्या वर्षी कंपनी निन्टेन्डोकडे गेली, आणि २०१०च्या 'झेनोब्लेड'ने या माणसाला अखेर पूर्ण झालेली, विस्तीर्ण, पायी फिरता येणारी जागा दिली. तो गेम खेळताना एका राक्षसी देहाच्या मांडीवर उभं राहून वर बघितलं की वेल्टॉलच्या पायाशी उभा असलेला फेई आठवतो.

आता कामाचं. बाबेलच्या मनोऱ्यातल्या उड्या तुम्ही पार केल्या असतील, तेव्हा त्याहून त्रासदायक काही उरलेलं नाही. दुसऱ्या सीडीत एका बैठकीत दोन-अडीच तासांपेक्षा जास्त खेळू नका. सलग वाचत गेलं की नावं एकमेकांत मिसळतात. मी एक वही केली होती, कुठल्या काळात कोण काय होतं हे लिहून ठेवायला. मेमरी कार्डवर जागा असेल तर नकाशा मोकळा होतो तिथे एक वेगळा सेव्ह ठेवा आणि शेवटाकडे जाण्याआधी जुन्या गावांत एकदा फिरून या. आणि खुर्चीवर एली बोलत असेल तेव्हा बटण दाबत पुढे पळू नका, ती काय गाळते आहे तिकडे लक्ष ठेवा. वहीत माझ्या सर्वात जास्त नोंदी तिथल्याच आहेत.