कोरस कापायचा का?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या ग्रुपने सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे जुनं ग्रीक नाटक बसवायला घेतलंय, पण सीन रंगात आला की मध्येच कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा जथा, येऊन गातो आणि सगळं थंड पडतं. कापला तर चालेल का? मुळात तो असतो कशाला?

उत्तर: आधी एक दुरुस्ती. कोरस मध्येच येत नाही हो, एकदा आला की तो साधारण शेवटपर्यंत तिथेच असतो आणि पात्रंच त्याच्यासमोर ये-जा करतात. तुम्ही त्यांना विंगेत पाठवत असणार, म्हणून तसं वाटतंय.

खरं तर कोरस आधीचा, नट मागाहून आलेला. अथेन्समध्ये डायोनिसस देवासाठी 50-50 जण गोलात नाचत डिथिरॅम्ब गायचे, आणि अॅरिस्टॉटल म्हणतो की ट्रॅजेडी निघाली ती हे गाणं सुरू करून देणाऱ्या म्होरक्यांपासून. इ.स.पू. 534 च्या सुमाराला थेस्पिस म्हणून एकजण कोरसपासून वेगळा होऊन बोलायला लागला असं परंपरेने सांगतात, मग नाटककार एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा, झालं, बोलणाऱ्यांची गाडी तिथेच थांबली. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणपतीतला आठवतो, पण ग्रीकमध्ये तो शब्द कोरसच्या नाचायच्या जागेचा.

म्हणून नाटकाची बांधणीही कोरसवरूनच मोजतात: तो यायच्या आधीचं ते प्रोलॉगोस, त्याचं येतानाचं गाणं पॅरोडोस, पुढे एक प्रवेश एक गाणं असं आलटून पालटून, आणि शेवटच्या गाण्यानंतरचं ते एक्झोडोस. गाणी चालू असताना आत मुखवटे बदलायला वेळ मिळायचा, तीन नटांत सगळी पात्रं भागवायची म्हणजे तो लागणारच.

आता तुमचंच नाटक बघा. पहाटे अँटिगनी बहिणीला सांगते, राजाची बंदी असली तरी मी भावाला मूठमाती देणार. ती जाते आणि थीब्ज शहराचे म्हातारे, म्हणजे तुमचा कोरस, सूर्यकिरणाचं स्वागत करत, शत्रू पळाला म्हणून खुशीत गात येतात. त्यांना काहीच माहीत नाही, आपल्याला माहितीये. हे गाणं कापलंत तर पोटात गोळा येणार कसा?

सोफोक्लीसकडे 15 जण होते, तुम्ही पाचात भागवा, मधली गाणी हवी तर निम्मी करा, पण पहिल्याला हात लावू नका आणि त्यांना स्टेजवरच बसू द्या.