'कायदेशीरपणाचे तत्त्व' म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे: फौजदारी कायद्याच्या अभ्यासात 'कायदेशीरपणाचे तत्त्व' वाचायला मिळते. नागरिकाने कायद्याने वागावे, एवढाच त्याचा अर्थ का?

नाही. हा घोळ शब्दानेच घातला आहे. कायदेशीर व्यवहार, कायदेशीर वारस असे आपण म्हणतो, त्यामुळे बंधन नागरिकावर आहे असे वाटते. इथे बंधन आहे ते शिक्षा देणाऱ्यावर. कृत्य घडले त्या दिवशी कायद्याने ते गुन्हा ठरवलेले नसेल, तर शिक्षा करता येत नाही. जर्मन विधिज्ञ फॉयरबाख यांनी १८०१ साली याचे लॅटिन सूत्र दिले: कायद्याविना शिक्षा नाही.

एकेका शब्दावर किती अडते ते पाहा. १८९९ साली जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वीजचोरीचा प्रश्न होता. चोरीच्या कलमात शब्द होते 'दुसऱ्याची जंगम वस्तू'. वीज ही वस्तू नव्हे, म्हणून ती चोरीही नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. मग १९०० मध्ये वीजचोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. १९२१ साली नेदरलँड्समध्ये मात्र, मीटर थांबवून वीज वापरणाऱ्या एका दंतवैद्याला चोरीच्याच कलमाखाली दोषी धरले गेले. तिथल्या न्यायालयाच्या मते वीज 'माल' होती. मला जर्मन निकाल पटतो. शब्द अपुरा पडला तर तो कायदेमंडळाने भरून काढावा, न्यायाधीशाने ताणू नये.

आपला 'गुन्हा' फारसी 'गुनाह'वरून आला. तिथे त्याचा एक अर्थ पाप. बोलताना आपण कुठल्याही वाईट गोष्टीला 'हा गुन्हाच आहे' म्हणतो, ते ठीकच. न्यायालयाने तसे म्हणू लागणे भयंकर. नाझी राजवटीने १९३५ मध्ये नेमके हेच केले: कलमात न बसणारे कृत्यही 'जनतेच्या निकोप भावने'नुसार शिक्षेला पात्र ठरवले.

म्हणून 'कायदेशीरपणा'ऐवजी मी 'विधिबद्धता' हा शब्द सुचवेन. 'लिपिबद्ध' म्हणजे लिहून ठेवलेले, 'वचनबद्ध' म्हणजे वचनाने बांधलेले. 'बद्ध'च्या या दोन्ही छटा इथे हव्यातच: कायदा आधी लिहिलेला असावा आणि शासन त्याने बांधलेले असावे. वाक्यात असा वापरता येईल: 'कृत्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देणे हा विधिबद्धतेचा भंग होय.'