सुगंधी तेलांच्या व्यापारी संघटना नेमके काय करतात, आणि लहान उत्पादकाने सभासद व्हावे का?

आपण निपाणीजवळ दोन एकरांत गवती चहा लावला आहे आणि पुढील वर्षी तेल काढण्याची भट्टी बसविण्याच्या विचारात आहात. अशा तेलांच्या व्यापारी संघटना असतात असे ऐकल्यामुळे त्यांचा इतिहास काय, त्या काय काम करतात आणि सभासद झाल्यास बरा दर मिळतो का, असे आपण विचारले आहे. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, नऊ वर्षांपासून हेच तेल काढतो. यांपैकी एकाही संघटनेचा मी पदाधिकारी नाही, परंतु तेल विकताना ज्या ठेचा लागल्या त्यांतूनच या संघटनांचे काम मला उमगले, म्हणून त्याच वाटेने उत्तर देतो.

प्रथम ‘संघटना’ या शब्दाविषयी. निपाणीच्या माणसाने हा शब्द उच्चारला की १९८१ चे तंबाखूचे आंदोलन आणि ६ एप्रिलचा गोळीबार आठवणे स्वाभाविक आहे. ती दरासाठी रस्त्यावर उतरलेल्या उत्पादकांची चळवळ होती. सुगंधी तेलांच्या संघटना मात्र व्यापारी, निर्यातदार, भट्टीवाले आणि सुगंधी द्रव्ये तयार करणाऱ्या कंपन्या यांच्या आहेत. त्या दर ठरवीत नाहीत, आणि स्पर्धाविषयक कायद्यामुळे त्यांना तसे करताही येत नाही. मेंथा म्हणजे पुदिन्याच्या तेलाचे वायदे २००५ पासून एमसीएक्स या मुंबईच्या वायदेबाजारात होतात, त्यामुळे त्याचा दर निदान पडद्यावर दिसतो. गवती चहाच्या तेलाचा दर आजही फोनवरच ठरतो. तेव्हा दराची आशा धरून सभासद होणार असाल तर तो विचार सोडून द्यावा, हे आधीच सांगितलेले बरे.

भारतात या व्यवसायाच्या दोन जुन्या संघटना आहेत. फ्रेग्रन्सेस अँड फ्लेवर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४९ सालची, आणि एसेन्शिअल ऑइल असोसिएशन ऑफ इंडिया ही १९५६ सालची. पहिलीत अत्तरे, सुगंध आणि स्वादद्रव्ये बनविणाऱ्यांचा भरणा अधिक आहे, तर दुसरी थेट आपल्या तेलांची आहे. जगाच्या पातळीवर १९७७ मध्ये स्थापन झालेला, लंडनहून चालणारा ‘आयफिएट’ हा तेलांच्या व सुगंधी मालाच्या व्यापाराचा महासंघ आहे. १९७३ मधील ‘इफ्रा’ ही सुगंध बनविणाऱ्यांची संघटना असून कोणता घटक कोणत्या वस्तूत किती वापरावा याचे नियम ती ठरविते. आपल्या तेलातील मुख्य घटक जो सिट्राल, त्याच्यावरही तिचे बंधन आहे.

अशा संघटनांची गरज का पडावी, याचे उत्तर आपल्या शेजारच्याच इतिहासात सापडते. खानदेशात रोशा या सुगंधी गवताला तिखाडी म्हणतात. त्याचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई, आणि तेथून ते बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. म्हणजे आपल्याकडचा उत्तम माल परदेशात दुसऱ्याच्या उत्तम मालाची भेसळ म्हणून प्रसिद्ध होता! तेल दिसते सारखे, नाकाला फसविता येते आणि पिंपावर काय लिहिले आहे त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. धान्याचा व्यापारी मूठभर ज्वारी हातात घेऊन माल पारखतो, तेलाच्या धंद्यात ती सोय नाही. एकमेकांना ओळखणारे व्यापारी, एकच मापदंड आणि वाद झाल्यास दाखविता येईल असा कागद, यांसाठी हे लोक एकत्र आले.

त्या कागदाचे महत्त्व मला तिसऱ्या हंगामात कळले. जुलैमध्ये, आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही अशा पावसात, ओलेच गवत कापून भट्टीत भरले. एरवी एक टन गवतातून पाच-सहा किलो तेल निघते, त्या वेळी कमी निघाले. जे निघाले त्यातील पाणी पुरते न काढता मी ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून पडवीत ठेवले. तीन आठवड्यांनी तेल गढूळ व लालसर झाले होते. मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील एका व्यापाऱ्याने नमुना तपासून सिट्राल ६८ टक्के आहे असे कळविले आणि दर पाडला, कारण या तेलात साधारणपणे ७५ टक्क्यांच्या वर सिट्रालची अपेक्षा असते. मी चिडलो, दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना दिला आणि तेथे ७३ टक्के आले. मला वाटले, चोरी पकडली.

वस्तुस्थिती वेगळी होती. व्यापाऱ्याने कॅनच्या तळातून नमुना घेतला होता आणि मी वरून. कॅन न हलविता काढलेल्या नमुन्याला काही अर्थच नसतो. नमुना कसा घ्यावा यासाठी आयएसओ २१२ या क्रमांकाचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे, हे त्या व्यापाऱ्यानेच मला शांतपणे सांगितले. सुगंधी तेलांची मानके आयएसओची ५४ क्रमांकाची तांत्रिक समिती ठरविते. घनता, अपवर्तनांक (तेलातून जाताना प्रकाश किती वळतो त्याचे माप), अल्कोहोलमध्ये तेल किती विरघळते, प्रत्येक घटकाचे प्रमाण किती ते किती असावे, हे सारे त्यात येते. उदाहरणार्थ, चंदनाच्या तेलात अल्फा सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के असावे, असे मानक सांगते. ही कोष्टके आकाशातून पडत नाहीत. निरनिराळ्या देशांतील जाणकार, ज्यांत व्यापारी संघटनांशी संबंधित रसायनतज्ज्ञही असतात, आपापल्या देशांतील मालाचे आकडे मांडून त्यांवर भांडतात. संघटनांचे सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानतो, जरी त्याचा गाजावाजा कधीच होत नाही.

याच मापदंडांमुळे भेसळ पकडता येते. खनिज तेलापासून बनविलेले सिट्राल आपल्या तेलात मिसळले तर गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या, आलेखावर ते सहज मिसळून जाते. परंतु जिवंत वनस्पतीत किरणोत्सारी कार्बन-१४ असतो आणि लाखो वर्षे जमिनीखाली राहिलेल्या खनिज तेलात तो उरलेला नसतो, म्हणून त्या मोजणीत खोटेपण उघडे पडते. ही तपासणी महाग असल्यामुळे प्रत्येक कॅनसाठी कोणी करीत नाही, पण ती होऊ शकते ही भीतीही पुरेशी असते. बेळगावच्या खडेबाजारातील अत्तरवाले अजून कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून अर्ध्या तासाने पुन्हा वास घेतात, आणि त्यांचे निदान फारसे चुकत नाही, हेही खरे.

दुसरे मोठे काम कायद्यांचे आहे. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्वचेला त्रासदायक ठरू शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची यादी केली. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत असा घटक ०.००१ टक्क्यांहून आणि धुऊन जाणाऱ्या वस्तूत ०.०१ टक्क्यांहून अधिक असल्यास त्याचे नाव वेष्टनावर लिहावे लागते. सिट्राल, जिरॅनिऑल, लिमोनीन आणि लिनलूल हे चारही त्या यादीत आहेत, आणि २०२३ मध्ये यादी ८० च्या पुढे गेली. पुढे वनस्पतिजन्य तेलांना रसायनांच्या मिश्रणासारखेच वर्गीकरणाचे कडक नियम लावण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बल्गेरियाचे गुलाब-उत्पादक, फ्रान्सचे लॅव्हेंडरवाले आणि या संघटना यांनी मिळून आपली बाजू मांडली, आणि २०२४ मध्ये अंतिम झालेल्या नियमांत वनस्पतिजन्य पदार्थांना तूर्त सवलत मिळाली. जांबोटीच्या भट्टीतले तेल ब्रुसेल्समध्ये कोणाच्या मतावर अवलंबून असते, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते.

बाजाराची माहिती मिळविणे हे तिसरे काम. ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस जर्मनीतील बीएएसएफ या रसायन कंपनीच्या सिट्राल प्रकल्पात आग लागली आणि त्यांचा पुरवठा थांबला, तेव्हा नैसर्गिक सिट्रालच्या बाजारातही हालचाल झाली. अशी बातमी मुंबईतल्या व्यापाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळते, आम्हाला ती पुढच्या कापणीला कळली. आयफिएटची परिषद दरवर्षी निरनिराळ्या देशांत होते, जशी २०१५ मध्ये कोलंबोला, २०१९ मध्ये बालीला झाली. तेथे पिकांचे अंदाज मांडले जातात आणि ओळखी होतात. मात्र तेथे जाण्याचा खर्च माझ्या एका हंगामाची कमाई खाऊन टाकील, तेव्हा त्या वाटेला मी गेलो नाही.

आता आपल्यापुरते. दोन एकरांच्या बळावर एकट्याने सभासदत्वाची वर्गणी भरू नये, असे माझे मत आहे. चिकोडी-निपाणी भागातील दहा-बारा जणांची शेतकरी उत्पादक कंपनी होत असेल तर तिच्या नावे एक सभासदत्व घ्यावे, म्हणजे परिपत्रके आणि व्यापाऱ्यांचे पत्ते सर्वांना मिळतील. ठोंब आणि भट्टीविषयी सल्ला हवा असल्यास त्यासाठी संघटनेकडे न जाता लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेच्या बंगळूर केंद्राकडे किंवा केरळमधील ओडक्कली संशोधन केंद्राकडे चौकशी करावी. भट्टीचे आणि तपासणीचे प्रशिक्षण कनौजच्या सुगंध व स्वाद विकास केंद्रात मिळते.

आणि भट्टी सुरू होईल त्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी. तेल गाळून, निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढून, अॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये काठोकाठ भरावे. पाठविण्यापूर्वी कॅन चांगला हलवून त्यातून तीन तपकिरी बाटल्या भराव्यात, लाख लावून तारीख घालावी. एक व्यापाऱ्याला, एक आपल्याकडे आणि तिसरी वाद झाल्यास उघडण्यासाठी. माझ्या कपाटात अशा चाळीसेक बाटल्या आहेत, आणि गेल्या सहा वर्षांत त्यांपैकी एकच उघडावी लागली.